करडा चेहरा

हिरवेसरांनी पोलिसांना दिलेला जबाब जेमतेम सहा ओळींचा होता. त्यात एकही विशेषण नव्हतं. तीस वर्षं सातवी-आठवीच्या मुलांकडून विज्ञानाच्या प्रयोगवह्या लिहून घेतलेल्या. निरीक्षण एका रकान्यात आणि अनुमान दुसऱ्यात, ही शिस्त अंगात मुरलेली. तो जबाब त्यांनी निरीक्षणाच्या रकान्यातला म्हणून दिला होता. उजव्या अंगाला चौथ्या रांगेच्या टोकाशी मल्हार प्रशांत डुबल उभा राहिला, त्याने हात मागे नेऊन दगड फेकला, तो अध्यक्षांच्या कानशिलावर बसला, मी मल्हारचा चेहरा पाहिला. खाली सही : उल्हास हिरवे, कार्यवाह, वसंत व्याख्यानमाला, कसबे आरळे.

अध्यक्ष म्हणजे शशिकांत बेंद्रे, सरांचे चाळीस वर्षांचे मित्र. श्रोत्यांकडून आलेली प्रश्नाची चिठ्ठी ते वाचून दाखवत होते, तेवढ्यात दगड आला. अकराव्या दिवशी ते गेले. मल्हार सव्वीस वर्षांचा. सरांच्या शेवटच्या सातवीच्या तुकडीत तो होता. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला आणि पाच महिन्यांपासून तो तुरुंगात होता.

आरळ्याची व्याख्यानमाला जुनी. सहा संध्याकाळी सहा वक्ते, निम्मे विवेक मंडळाच्या विचारांचे, निम्मे स्वधर्म सभेच्या. एवढं सामंजस्य गावाने टिकवलं होतं. पण बसायचं मात्र आपापल्या बाजूला. मैदानाच्या डाव्या अंगाला चिंचेखाली मंडळाची माणसं, उजव्या अंगाला मारुतीच्या देवळाकडे सभेची. बेंद्रे मंडळाचे अध्यक्ष, सर मंडळाचेही कार्यवाह, आणि मल्हार सभेचा. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं. लग्न होऊन आलेली सून पहिल्या वर्षी हळूच नवऱ्याला विचारायची, आपण कुठं बसतो? मधल्या खुर्च्यांवर नव्याने बदलून आलेले अधिकारी तेवढे बसत, आणि दुसऱ्या वर्षी तेही कुठल्यातरी बाजूला सरकत.

फोन फाटकावर ठेवून यायचा नियम होता. भाषणांचे तुकडे कापून वाटेल ते पसरवलं जाई, म्हणून सहा वर्षांपूर्वी सरांनीच तो करून घेतला होता. त्यामुळे त्या संध्याकाळचं चित्रण कुठेच नव्हतं. होती ती माणसांची आठवण, आणि ती दोन आठवड्यांत दोन तुकड्यांत विभागली गेली. सरांनी नाव घेतल्यावर मंडळाच्या अकरा जणांना मल्हार उभा राहिलेला आठवू लागला. सभेच्या चौदा जणांना तो मागे सायकलींपाशी चहा पीत असलेला आठवू लागला. कुणी खोटं बोलत होतं असं नाही. ठाम मात्र सगळेच होते.

सरांचा जबाब या दोन्ही ढिगांहून वेगळा धरला जाई. सभेची माणसंसुद्धा म्हणत, हिरवेसर पाहिल्याशिवाय बोलणार नाहीत. खटला त्यांच्या शब्दावर उभा होता.

साक्षीदारांच्या चाचणीचा कायदा होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. लोक तिला करडी चाचणी म्हणत. ती ऐच्छिक होती. अहवाल बंद पाकिटातून फक्त साक्षीदाराच्या हातात पडे. कोर्टाला तो मागता येत नसे. तो वाचून जबाब कायम ठेवायचा की बदलायचा हे साक्षीदाराने ठरवायचं. माणसाच्या डोक्यात शिरून पुरावा काढायचा नाही, फक्त त्याला आरसा दाखवायचा, अशी त्यामागची भूमिका.

मंडळाचे नवे अध्यक्ष अभिजित लाड स्वतः वकील होते. त्यांनी सरांना सांगून पाहिलं की, याची काही गरज नाही, जबाब स्वच्छ आहे, उगाच कशाला. सरांना ते बोलणं आवडलं नाही. गावोगाव फिरून, अंगात येणाऱ्यांच्या समोर उभं राहून, आधी तपासा मग माना असं आयुष्यभर सांगितलेला माणूस तपासणीला नाही कसा म्हणेल? शिवाय त्यांना खात्री होती. डोळे मिटले की मल्हारचा चेहरा समोर येई, भुवया आणि आवळलेल्या ओठांसकट.

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत डॉ. नसरीन तांबोळींनी त्यांना आधी तासभर समजावून सांगितलं. अलकाताई, सरांच्या पत्नी, शेजारी पर्स मांडीवर घेऊन ऐकत होत्या.

मेंदू कवटीच्या अंधारात बसलेला असतो, डॉक्टर म्हणाल्या. बाहेर काय आहे याचा तो सतत अंदाज बांधतो, आणि डोळा त्या अंदाजातल्या चुका तेवढ्या कळवतो. डोळ्याकडून येणारा निरोप दृष्टिकेंद्राच्या वाटेवरच्या पहिल्या चौकीत पोचतो, तिथे डोळ्याकडून आलेल्या जोडण्या थोड्या. मेंदूच्या वरच्या भागाकडून उतरलेल्या कितीतरी जास्त. म्हणजे पाहणं हे बरंचसं आतून बाहेर चालतं. अंदाज आणि निरोप जुळले की आपण म्हणतो, दिसलं. निरोप तोकडा पडला, उजेड कमी असला, वेळ अर्धा सेकंदच मिळाला, तर मेंदू तिथे भराव घालतो आणि घातला हे आपल्याला सांगत नाही.

सरांनी मान डोलावली. हे तर ते शिकवत आले होते. कागदावर एक फुली, एक टिंब. एक डोळा झाकून फुलीकडे बघत कागद जवळ आणायचा. एका अंतरावर टिंब नाहीसं होतं आणि तिथे भोक न दिसता सलग पांढरा कागद दिसतो. दरवर्षी मुलं चकित होत आणि दरवर्षी सरांना आनंद होई.

यंत्र त्यापुढची पायरी होती. मेंदूची साल थरांची असते. डोळ्याचा निरोप एका थरात उतरतो, वरून आलेला अंदाज दुसऱ्या थरांत. माणूस एखादा क्षण आठवतो तेव्हा तेच थर पुन्हा मंद उजळतात. डोक्यावरच्या टोपातले चुंबकीय संवेदक तो उजेड थरानुसार वेगळा मोजतात, आणि आठवणीचं एक चित्र तयार होतं. डोळ्याने कळवलेलं रंगीत, मेंदूने भरलेलं करडं.

"भूक भराव घालते, भीती घालते," डॉक्टर म्हणाल्या. "पण सगळ्यात मोठा भराव विचारसरणीचा निघतो. तिच्यात प्रत्येक माणसाची जागा आधीच ठरलेली असते. कोण काय करणार, कोण करणारच नाही. मग डोळ्याला फारसं काम उरत नाही."

सर जरा अवघडून हसले. "आमची विचारसरणी तपासून घ्या असंच सांगते, डॉक्टर."

"होय सर. माझ्याकडे आजवर साडेतीनशे साक्षीदार येऊन गेलेत. नाव झाकून रिपोर्ट वाचला, तर माणूस कुठल्या बाजूचा हे मला अजून एकदाही ओळखता आलेलं नाही."

चाचणीला चाळीस मिनिटं लागली. सर तो क्षण पुन्हा पुन्हा आठवत राहिले. मग पडद्यावर चित्र आलं. व्यासपीठ लख्ख रंगीत होतं. शशिकांत चष्मा नाकावर सरकवून चिठ्ठी उजेडाकडे तिरपी धरत होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशाला शाईचा डागसुद्धा होता. सरांना भरून आलं. त्यापलीकडे, अर्धवट उजेडात, एक हात मागे गेलेला. पांढुरकी बाही, मनगट, खांद्याची रेषा, सगळं रंगीत. कॉलरच्या वर करडं. त्या करड्यात मल्हारचा चेहरा होता, अगदी पूर्ण, भुवया आणि आवळलेल्या ओठांसकट. एखाद्याने पेन्सिलने सावकाश रेखाटावा तसा.

सर पडद्याजवळ सरकले. मग त्यांनी विचारलं, म्हणजे तो मल्हार नव्हता का?

"ते यंत्राला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "करडं म्हणजे खोटं नव्हे. असेलही तोच. चेहऱ्याबद्दल तुमच्या डोळ्यांनी काही कळवलेलं नाही, इतकंच मी सांगू शकते. तुम्ही बघायच्या आधीच तो तिथे होता."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले. उसाच्या ट्रॉलीमागून ट्रॉली मागे पडत होत्या. कराड जवळ आल्यावर त्यांनी पाकीट अलकाताईंच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी दुपारी खुर्च्या तुम्हीच हलवल्या होत्या ना?"

सरांना आधी कळलंच नाही त्या काय म्हणताहेत. मग कळलं.

पाण्याच्या नव्या नळासाठी नगरपालिकेने चिंचेखाली चर खणला होता. आदल्या रात्री. डावं अंग निम्मं बंद झालं होतं. भर उन्हात कागद घेऊन सरांनी स्वतः रांगा मोजल्या होत्या, मंडळाच्या लोकांसाठी उजवीकडच्या पुढच्या सहा रांगा राखल्या होत्या, आणि सभेच्या लोकांना डावीकडे मागे आणि मधे बसायची विनंती केली होती. दोन्हीकडून थोडी कुरकुर झाली, पण सगळे तसे बसले. म्हणजे चौथ्या रांगेच्या टोकाला त्या संध्याकाळी मंडळाचीच माणसं होती.

आणि हे कुणालाच आठवलं नव्हतं. त्यांना नाही, त्या अकरा जणांना नाही. पोलीस येईपर्यंत पळापळीत खुर्च्या उलथ्यापालथ्या झाल्या होत्या. पोलीसही आरळ्याचेच, त्यांनी नेहमीच्या बसण्याप्रमाणे नकाशा काढला. बचावाच्या वकिलाने नळाच्या चराचा मुद्दा एकदा काढला होता म्हणे. पण सभेच्या ज्या माणसांना विचारलं त्यांनीच छातीठोकपणे सांगितलं की आम्ही कायम देवळाकडेच बसतो, तेव्हाही तिथेच होतो. आपल्या नेहमीच्या जागेपायी ते आपल्याच मुलाला अडचणीत आणत होते.

"तुला आठवत होतं?" सरांनी विचारलं.

"मला खुर्ची टोचत होती ते आठवत होतं," अलकाताई म्हणाल्या. "तुमचा जबाब मी कशाला वाचते. आज पाकिटात उजवं अंग, चौथी रांग असं वाचलं तेव्हा ध्यानात आलं. हे बघा, मी कुणाला सांगणार नाही. पाकीट तुमचं आहे."

साक्षीला नऊ दिवस होते. सरांनी पहिले चार कपाटातली पुस्तकं पुसण्यात घालवले. मनाशी वाद घालायला त्यांना पुस्तकं जवळ लागत. जबाब कायम ठेवला तर कायद्याने ते निर्दोषच होते. मल्हार डुबल काही साधा मुलगा नव्हता. आदल्या वर्षी त्याने मंडळाचे फलक फाडले होते, शशिकांतला चौकात अद्वातद्वा बोलला होता. दगड त्याने मारला नसेलच असं कुठे होतं? आणि जबाब बदलला तर बोट आपल्याच पोरांकडे वळणार, चाळीस वर्षांचं काम चिखलात जाणार. हे सगळं बरोबर वाटे. मग बाही आठवे, मनगट आठवे, आणि वर करडं.

पाचव्या दिवशी ते सुनंदावहिनींकडे गेले. शशिकांतच्या पत्नी. कोर्टात ऐकण्याआधी त्यांनी आपल्या तोंडून ऐकावं एवढंच त्यांच्या मनात होतं. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी सरांना नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसवलं आणि निवडत राहिल्या. सरांनी चाचणी सांगितली, खुर्च्या सांगितल्या. सांगताना त्यांच्याच कानांना ते पुस्तकी वाटत होतं.

"तो नव्हता असं म्हणताय का, भावजी?"

"तसं मला म्हणता येत नाही, वहिनी."

"होता असं?"

"तेही नाही."

वहिनींचा हात थांबला. "पाच महिने मी त्या पोराचा चेहरा समोर धरून जगतेय. सकाळी उठले की पहिला तो दिसतो. त्याच्यावर राग धरून दोन घास खाते. मी तर घरी मान खाली घालून वाटाणे सोलत होते तेव्हा, व्याख्यानाला आलेच नव्हते. तो चेहरा मला तुम्ही दिलात. आता म्हणता, परत द्या."

सरांनी हातातली छत्री खुर्चीला टेकवून ठेवली.

"लाडसाहेब परवा येऊन गेले," वहिनी पुढे म्हणाल्या. "म्हणाले, वहिनी, हिरवेसरांची साक्ष झाली की निकाल लागलाच. यांच्या नावाने भवन बांधायचं म्हणतात. तुम्ही एवढं तरी करा, भावजी. ठेवा ना तुमचा जबाब. खोटा कुठं आहे तो? तुम्हाला दिसलं तेच लिहिलंत."

"शशी असता तर—" सरांनी सुरुवात केली.

"त्यांचं नाव नका घेऊ," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "जो तो आपल्याला हवं ते त्यांच्या तोंडी घालतोय. मंडळही, तुम्हीही. मला एकटीलाच ठाऊक नाही ते काय म्हणाले असते, चाळीस वर्षं एका घरात राहून."

निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन सरांना छत्रीची आठवण करून दिली. सवयीने. त्यानंतर त्या सरांशी बोलल्या नाहीत.

जिल्हा न्यायालयात गर्दी होती, आणि ती दोन बाजूंना बसली होती. सरकारी वकिलांनी ठरलेला प्रश्न विचारला : दगड फेकणाऱ्याचा चेहरा तुम्ही पाहिला का? सरांनी पिंजऱ्यातल्या मल्हारकडे पाहिलं नाही. पाहिलं तर पुन्हा काहीतरी भरलं जाईल अशी त्यांना भीती वाटली.

"मला तो आजही दिसतो," ते म्हणाले. "पण माझ्या डोळ्यांनी तो पाहिलेला नाही. मी हात पाहिला. चेहरा मी घातला."

मग त्यांनी चर सांगितला, रांगा सांगितल्या, आणि त्या दुपारी काढलेला रांगांचा कागद व्याख्यानमालेच्या फायलीतून काढून न्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायाधीशांनी विचारलं की त्या टोकाला प्रत्यक्षात कोण बसलं होतं. सर म्हणाले, ते मी पाहिलेलं नाही. मागून कुणीतरी 'गद्दार' असं पुटपुटलं. आवाज ओळखीचा वाटला. कुणाचा, ते ठरवायला मात्र सर आता धजले नाहीत.

दोन महिन्यांत मल्हार सुटला. पोलिसांनी चौथ्या रांगेतल्या लोकांची चौकशी सुरू केली, पण तिथे बसल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. ज्याला विचारावं तो चिंचेखाली होता, चरात खुर्ची टाकून बसल्यासारखा. तपास तिथेच अडला. मंडळाने ठराव करून सरांना कार्यवाहपदावरून मुक्त केलं. ठरावाची भाषा सभ्य होती. मंडळाचे ठराव सरच पूर्वी लिहीत, त्यामुळे वाक्यं त्यांना आपलीच वाटली. दुसरीकडे स्वधर्म सभेने चौकात मोठा फलक लावला, त्यावर सरांचा शाळेतला जुना फोटो, आणि शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्काराचं आमंत्रण घेऊन चार माणसं घरी आली. सरांनी हात जोडून नाही म्हटलं. ती माणसं हसून म्हणाली, सर, आता तुम्ही आमचेच. त्या रात्री सर जेवले नाहीत. कुठल्याही बाजूला बसलं तरी त्या खुर्चीवर त्यांच्याआधीच दुसरा कुणी हिरवेसर बसवलेला होता.

पुढच्या आठवड्यात सकाळी दहाच्या सुमाराला मल्हार आला. एकटाच. चपला काढून ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. सर वर्तमानपत्र वाचत होते. अलकाताईंनी आतून डोकावून पाहिलं आणि चहा टाकायला गेल्या.

"बस," सर म्हणाले.

"नको सर. दुकान उघडायचंय." तो जरा थांबला. "बाबा म्हणत होते, पाया पडून ये. मला नाही पडावंसं वाटत. सात महिने आत होतो."

"पडू नकोस."

"तुमचा राग नाही असं नाही म्हणत मी. आहे. पण एक विचारायचं होतं." तो पायरीच्या कडेला अंगठा घासत होता. "सगळ्यांनी मला विचारलं, सर. पोलिसांनी विचारलं, वकिलाने विचारलं, आईने देवासमोर बसवून विचारलं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही."

सरांनी पेपर खाली ठेवला. हे खरं होतं. तो सातवीत असताना वर्गातली काच फुटली असती, तरी त्यांनी आधी विचारलं असतं.

"विचारतो आता," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी तू कुठे होतास?"

"सांगितलं तर खरं मानाल?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हो म्हणणं सोपं होतं, आणि त्या पोराचा तेवढा हक्क होता. पण त्यांनी आत पाहिलं. तिथे हात मागे गेलेला होता, बाही होती, आणि यंत्र, कोर्ट, कागद सगळं होऊनही वर तोच चेहरा होता. आणि जिभेवर आलेला 'हो' कुठून आला होता? खरं मानायचं होतं म्हणून, की हरलेल्या माणसाने निदान भलं दिसावं म्हणून? त्यांना कळेना.

"माहीत नाही, मल्हार," ते म्हणाले.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. रागावला नाही. उलट, बऱ्याच दिवसांनी कुणी सरळ बोललं असावं तसं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं.

"मग नाही सांगत," तो म्हणाला.

अलकाताई दोन कप घेऊन बाहेर आल्या. मल्हारने एक घेतला आणि पायरीवर बसला, सरांकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. सकाळचं ऊन त्याच्या मानेवर पडलं होतं. चहा गरम होता, त्यामुळे प्यायला वेळ लागत होता. तेवढा वेळ सर त्याच्याकडे पाहत राहिले. कानामागे एक बारीक तीळ होता. केस तुरुंगात कुणीतरी वेडेवाकडे कापलेले होते. डावा खांदा उजव्याहून थोडा खाली होता. पुढे काय असेल याचा अंदाज न बांधता, एकेक गोष्ट, जेवढी दिसत होती तेवढीच, ते पाहत होते. फार कष्टाचं होतं ते.